चिनी लिपी, उच्चार आणि अपरान्ताचे नाव

चिनी लिपीविषयी मराठी वाचकांच्या मनात एक समजूत खोलवर रुजलेली आहे. ही लिपी म्हणजे केवळ चित्रांचा संग्रह असून तिच्यात कल्पना लिहिल्या जातात, ध्वनी लिहिला जात नाही, अशी ती समजूत होय. तिच्या जोडीला दुसरीही एक समजूत नांदत असते. आपली नागरी लिपी मात्र पूर्णपणे उच्चारानुसारी आहे. जसे बोलावे तसे लिहावे आणि जसे लिहिले तसेच वाचावे, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. बौद्धविद्येच्या अभ्यासकाला या दोन्ही समजुतींकडे दुर्लक्ष करता येत नाही. अनेक निकायांचे विनय आणि आगम आज संपूर्ण स्वरूपात केवळ चिनी भाषांतरांतच उपलब्ध आहेत. त्यांत व्यक्तींची, विहारांची आणि देशांची जी सहस्रावधी भारतीय नावे आली आहेत, ती सारी त्या तथाकथित 'ध्वनिहीन' लिपीतच लिहिली गेली आहेत. लिपी खरोखरच ध्वनिहीन असेल, तर या नावांची साक्ष कवडीमोल ठरते. ती तशी नसेल, तर आपल्याच देशातील प्राकृत उच्चारांचा एक मोठा पुरावा आपण न वाचताच बाजूला ठेवला आहे, असे म्हणावे लागते. म्हणून चिनी लेखनाचे उच्चाराशी असलेले नाते मोजावे कसे, या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे. तो करताना या प्रश्नाची रूढ उत्तरे कोठे अपुरी पडतात, हेही पाहावे लागेल.

१. दोन आकडे, एक लिपी

प्रथम चिनी अक्षराची घडण थोडक्यात सांगणे अवश्य आहे. बहुसंख्य चिनी अक्षरे दोन अंगांची बनलेली असतात. एक अंग अर्थाची दिशा दाखविते, तर दुसरे उच्चाराची. उदाहरणार्थ, घोड्यासाठी जे अक्षर आहे त्याचा उच्चार 'मा' असा आहे. त्याला 'स्त्री'चे अंग जोडले की आईसाठीचे 'मा' हे अक्षर तयार होते. उच्चार तोच राहतो, फक्त सूर बदलतो. येथे घोड्याचा आईशी अर्थाने काडीचाही संबंध नाही. घोडा केवळ ध्वनीसाठी आला आहे. इ. स. १०० च्या सुमारास रचल्या गेलेल्या 'श्वो-वन' या कोशात ९,३५३ अक्षरे आहेत आणि त्यांतील फार मोठा भाग याच प्रकारचा आहे. तेव्हा 'चित्रलिपी' हे वर्णन मुळातच चुकीचे आहे. खरा प्रश्न हा की, हे ध्वनिदर्शक अंग आज कितपत उपयोगी पडते?

या प्रश्नाला दोन प्रसिद्ध उत्तरे आहेत. चिनी भाषेची अधिकृत रोमन लेखनपद्धती (पिनयिन, १९५८) घडविणाऱ्यांत अग्रणी असलेले झोउ यौक्वांग (१९०६-२०१७) यांनी १९७८ मध्ये ध्वनिदर्शक अंगाची उपयुक्तता सुमारे ३९ टक्के असल्याचे मांडले. अमेरिकन अभ्यासक जॉन डीफ्रान्सिस यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात तीच उपयुक्तता सुमारे ६६ टक्के धरली. एकाच लिपीविषयी इतक्या जवळच्या काळात झालेल्या दोन मोजण्यांत एवढी तफावत दिसली की, सामान्य वाचक गोंधळतो. परंतु डीफ्रान्सिस यांच्या आकड्याची फोड केली असता गूढ उरत नाही. सूर धरून तंतोतंत जुळणारी सुमारे २५ टक्के, सूर वगळता जुळणारी सुमारे १७ टक्के आणि नुसते साम्य दाखविणारी सुमारे २४ टक्के, अशी ती बेरीज आहे. तिसरा वर्ग वगळला तर ४२ उरतात आणि ते ३९ च्या अगदी जवळ येतात. याचा अर्थ असा की, मतभेद लिपीविषयी नव्हताच; 'साम्य' कशास म्हणावे याविषयी तो होता. टक्केवारी दिसते वस्तुनिष्ठ, पण तिच्या पोटात व्याख्या दडलेली असते.

या मोजणीवर आणखी दोन आक्षेप घेता येतात. पहिला आक्षेप दिशेचा आहे. अक्षर पाहून उच्चार सांगता येणे ही एक गोष्ट आणि उच्चार ऐकून अक्षर लिहिता येणे ही दुसरी. पेइचिंगच्या बोलीत सूर सोडून दिले तर केवळ चारशेच्या आसपास ध्वनिखंड आहेत, उलट अक्षरे मात्र हजारोंनी आहेत. तेव्हा उलट दिशेने मोजल्यास उत्तर पार बदलते. वरील दोन्ही आकडे एकाच दिशेचे आहेत.

दुसरा आक्षेप काळाचा असून आपल्या विषयाच्या दृष्टीने तोच निर्णायक आहे. हे आकडे विसाव्या शतकातील पेइचिंगच्या उच्चारावर मोजलेले आहेत. 'काम' या अर्थाचे अक्षर आज 'कुंग' असे वाचले जाते. त्यालाच पाण्याचे अंग जोडून नदीसाठीचे 'च्यांग' हे अक्षर झाले. 'कुंग' आणि 'च्यांग' यांत साम्य कोठे आहे, असे कोणीही विचारील. परंतु दक्षिणेकडील कँटनच्या बोलीत तीच अक्षरे 'कुङ्' आणि 'कोङ्' अशी उच्चारली जातात. प्राचीन काळी दोहोंचाही आरंभ 'क'नेच होत असे. अक्षर घडविणाऱ्याने चूक केलेली नव्हती. पुढे उत्तरेकडील बोलीत काही 'क'कार 'च'काराकडे सरकले, एवढेच. दोन हजार वर्षांपूर्वी घडलेल्या लेखनाला आजच्या एका शहराच्या बोलीने मोजणे म्हणजे पाली 'धम्म' या लेखनाला आजच्या पुण्याच्या उच्चाराने मोजण्यासारखे आहे.

२. मालवणातून पाहिलेली नागरी

आपली लिपी या कसोटीला कशी उतरते, हेही तपासून पाहणे न्यायाचे होईल. त्यासाठी दूर जावयास नको. 'मालवण' हे गावाचे नावच घ्या. लेखनात चार अक्षरे आहेत. त्यांतील 'ल', 'व', 'ण' या तिहींत 'अ' गृहीत आहे. उच्चारात मात्र 'माल्-वण्' असे दोनच ध्वनिखंड ऐकू येतात. कोणता 'अ' उच्चारावयाचा आणि कोणता गाळावयाचा, हे लिपी सांगत नाही. ते वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असावे लागते.

'च' आणि 'ज' यांची कथा याहून महत्त्वाची आहे. 'चिंच' या एका शब्दात पहिला 'च' तालव्य आहे आणि दुसरा दंत्य. चिन्ह एकच आहे. 'जरा' हा शब्द दंत्य 'ज'ने उच्चारला तर 'थोडेसे' असा त्याचा अर्थ होतो आणि तालव्य 'ज'ने उच्चारला तर 'वार्धक्य' असा. जातिजरामरणाचे विवेचन वाचणाऱ्या अभ्यासकाला हा भेद कानाने कळतो, डोळ्याने नव्हे. उलट दिशेनेही तीच स्थिती आहे. 'श' आणि 'ष' यांचा उच्चार बहुतेक मराठी भाषक सारखाच करतात, परंतु लिहिताना भेद पाळावा लागतो. तो ध्वनी ऐकून कळत नाही. शब्द पाठ असावा लागतो. अक्षरावरून उच्चार आणि उच्चारावरून अक्षर या दोन्ही वाटांवर आपल्याकडेही खाचखळगे आहेत.

अनुस्वाराच्या बाबतीत तर मालवणी माणसाची अडचण अधिकच आहे. १९६२ साली मान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी जे अनुस्वार उच्चारले जात नाहीत ते लेखनातून काढून टाकले. प्रमाण मराठीपुरता तो निर्णय सोयीचा होता. परंतु 'उच्चारले जात नाहीत' म्हणजे कोणाकडून? दक्षिण कोकणात 'खंय', 'थंय', 'हंय' या शब्दांतील अनुनासिक स्पष्ट ऐकू येतो आणि गोव्याच्या कोंकणीत तर तो भाषेच्या घडणीचाच भाग आहे. एका बोलीचा उच्चार माप म्हणून धरला की दुसऱ्या बोलीचा खरा ध्वनी 'अशुद्ध' ठरतो. १९८० साली रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण' नाटकाने मालवणीला महाराष्ट्रभर श्रोते मिळवून दिले. पण तेच संवाद छापील पानावरून ज्याने मालवणी कधी ऐकलीच नाही अशा वाचकाने वाचले, तर अक्षरे जुळतील. हेल आणि नाद जुळणार नाहीत.

नागरीला कमी लेखण्यासाठी हे सांगितलेले नाही. कोणतीही लिपी ध्वनीची नोंद निवड करूनच करते. कोणते भेद टिपावयाचे आणि कोणते सोडावयाचे, हे ती ठरविते. म्हणून 'किती टक्के?' या प्रश्नापूर्वी 'कोणता भेद आणि कशासाठी?' हा प्रश्न विचारला पाहिजे.

३. अट्ठकथेचे माप

हा प्रश्न थेरवाद परंपरेने फार पूर्वीच विचारलेला आहे. विनयाच्या 'समन्तपासादिका' या अट्ठकथेत कम्मवाचेच्या उच्चाराची चर्चा येते. तेथे व्यंजनाचे दहा प्रकार मानले आहेत: सिथिल आणि धनित, दीघ आणि रस्स, गरु आणि लहु, निग्गहीत आणि विमुत्त, सम्बन्ध आणि ववत्थित. सिथिल म्हणजे क, त, प यांसारखे अल्पप्राण वर्ण आणि धनित म्हणजे ख, थ, फ यांसारखे महाप्राण. निग्गहीत म्हणजे नाकातून उच्चारला जाणारा ध्वनी आणि विमुत्त म्हणजे तोंड मोकळे ठेवून उच्चारलेला.

या दहांपैकी कोणती अदलाबदल झाली असता संघकर्म दूषित होते? अट्ठकथेचे उत्तर नेमके आहे. सिथिलाच्या जागी धनित, धनिताच्या जागी सिथिल, विमुत्ताच्या जागी निग्गहीत आणि निग्गहीताच्या जागी विमुत्त, या चार दोषांनी कर्म बिघडते. 'सुणातु' याऐवजी 'सुणाथु' म्हटले किंवा 'भन्ते' याऐवजी 'बन्ते' म्हटले, तर तो उच्चार चालत नाही. ऱ्हस्व-दीर्घासारख्या इतर बाबतींत मात्र कर्म मोडत नाही, जरी नेमका उच्चार करण्याची अपेक्षा असली तरी. येथे कोणी टक्केवारी काढलेली नाही. कोणता ध्वनिभेद विशिष्ट कार्यासाठी अनिवार्य आहे, एवढेच ठरविले आहे. आधुनिक मोजणीत जे हरवलेले दिसते ते नेमके हेच होय.

हे माप हाती घेऊन चिनी लेखनाकडे पाहिले तर काय दिसते? त्यासाठी चिनी उच्चाराचा जुना थर हवा. तो ६०१ साली सिद्ध झालेल्या 'छ्ये-युन' या यमककोशामुळे आणि पुढील संशोधनामुळे उपलब्ध झाला आहे. स्वीडिश भाषापंडित बर्नहार्ड कार्लग्रेन (१८८९-१९७८) यांनी या थराची पद्धतशीर पुनर्रचना केली. पुलीब्लँक यांनी तीत सुधारणा केल्या आणि बॅक्स्टर व सागार यांनी २०१४ च्या ग्रंथात त्याही आधीच्या थराची मांडणी केली. या कामात भारतीय शब्दांचा वाटा मोठा आहे. १९२३ साली बॅरन स्टाएल-होल्स्टाइन यांनी संस्कृत ग्रंथांच्या चिनी लिप्यंतरांचे महत्त्व दाखवून दिले. त्याच वर्षी वांग रुंगपाओ या चिनी विद्वानाने अशाच लिप्यंतरांच्या आधारे सिद्ध केले की, आज 'ओ'ने वाचली जाणारी अनेक अक्षरे पूर्वी 'आ'ने वाचली जात. म्हणजे चिनी भाषेचा प्राचीन ध्वनी मोजण्याची एक मापपट्टी आपल्याच शब्दांनी पुरविली.

४. भिक्खु आणि भिक्षु

अट्ठकथेच्या कसोटीवर चिनी लेखन कसे उतरते, याचे सर्वांत बोलके उदाहरण 'भिक्खु' हाच शब्द आहे. जुन्या चिनी भाषांतरांत तो ज्या दोन अक्षरांनी लिहिला जातो, त्यांचा मध्यकालीन उच्चार सुमारे 'पि-ख्यू' असा होता. पुढे श्वेनत्सांग आणि यी-चिंग (इत्सिंग, ६३५-७१३) यांच्या भाषांतरांत दुसरीच जोडी दिसते. तिचा तत्कालीन उच्चार सुमारे 'बित्-छू' असा होता आणि त्यातील 'छ' मूर्धन्य होता. पहिले लेखन प्राकृत 'भिक्खु' ऐकून झाले आहे आणि दुसरे संस्कृत 'भिक्षु' ऐकून. क्ख आणि क्ष यांतील भेद ही लिपी इतक्या स्पष्टपणे नोंदविते. आज पेइचिंगमध्ये याच दोन जोड्या 'पी-छ्यू' आणि 'पी-छू' अशा वाचल्या जातात. भेद नावापुरता उरला आहे. जो अभ्यासक केवळ आजचा उच्चार वाचील, त्याला दोन परंपरांमधील हे अंतर दिसणारच नाही.

'श्रमण' या शब्दासाठी जे प्राचीन लेखन रूढ झाले, त्याचा उच्चार 'ष-मन्' असा, म्हणजे मूर्धन्य षकाराने होत असे. पालीत 'समण' आहे, वायव्येकडील गांधारीत 'षमण'. चिनी लेखन कोणत्या दिशेने आलेल्या भिक्षूंच्या तोंडून ऐकलेले आहे, हे त्या एका वर्णावरून उमगते. 'थूप' या शब्दावरून आलेले स्तूपवाचक अक्षर पूर्वी 'थप्' असे उच्चारले जाई. पेइचिंगमध्ये ते 'था' झाले, कँटनमध्ये आजही 'थाप्' आहे आणि जपानमध्ये 'तो'. 'बुद्ध' या अर्थाचे अक्षर पेइचिंगमध्ये 'फो' असले, तरी जपानमध्ये त्याचाच उच्चार 'बुत्सु' होतो. एकाच अक्षराची इतकी रूपे समोर असताना त्याचा ध्वनीशी संबंध 'किती' असे विचारणे निरर्थक होय. कोणत्या देशातील आणि कोणत्या शतकातील ध्वनीशी, हे आधी सांगावे लागेल.

५. अपरान्त, महारट्ठ, कोंकण

आता आपल्या प्रदेशाकडे येऊ. समन्तपासादिकेचे चिनी रूपांतर संघभद्राने इ. स. ४८९ मध्ये कँटन येथे केले. पुण्याचे पालीपंडित पु. वि. बापट आणि जपानी विद्वान अकिरा हिराकावा यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले असून ते १९७० साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केले. तिसऱ्या संगीतीनंतर धम्मप्रसारासाठी थेर निरनिराळ्या देशांत पाठविले गेल्याची हकिगत या ग्रंथात आहे. योनक धम्मरक्खित अपरान्तकात गेले आणि महाधम्मरक्खित महारट्ठात, असे पाली परंपरा सांगते. अपरान्त म्हणजे स्थूलमानाने कोकणपट्टी. तिच्या उत्तरेस सोपारा येथे अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत.

चिनी पाठात 'अपरान्तक' हे नाव पाच अक्षरांनी लिहिले आहे. आजच्या उच्चाराप्रमाणे ती 'आ-पो-लान्-त्वो-च्या' अशी वाचली जातात. हे वाचून कोणालाही वाटेल की, चिनी लेखकाने नावाची मोडतोड केली. परंतु संघभद्राच्या काळाच्या जवळचा उच्चार घेतला, तर ती 'अ-पा-लान्-ता-का' अशी वाचावी लागतात. र आणि ल यांचा भेद सोडला, तर नाव जसेच्या तसे आहे. मोडतोड लेखनाने केलेली नाही, काळाने केली आहे.

'महारट्ठ' या नावाची दोन लेखने तर एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. संघभद्राच्या पाठात ते सुमारे 'म-हा-लक्-टा' असे आहे. श्वेनत्सांगाच्या प्रवासवृत्तात (६४६) ते सुमारे 'म-हा-लत्-ठा' असे आहे. दोन्ही ठिकाणी 'ल'च्या पुढे मिटलेले व्यंजन योजून ट्ठ या जोडवर्णातील आघात दाखविला आहे. दोन्ही ठिकाणी मूर्धन्य वर्ण राखला आहे. परंतु पहिल्यात अल्पप्राण आहे आणि दुसऱ्यात महाप्राण. अट्ठकथेच्या भाषेत बोलावयाचे तर संघभद्राच्या लेखनात धनिताचे सिथिल झाले आणि श्वेनत्सांगाच्या लेखनात धनित टिकले.

याहून एक गोष्ट अधिक विचारणीय आहे. श्वेनत्सांग संस्कृतज्ञ होता. ष् आणि ट किंवा ठ यांचा संयोग लिहिण्याची रीत त्याला अवगत होती. ज्येष्ठ महिन्याचे नाव लिहिताना त्याने षकारासाठी स्वतंत्र अक्षर योजले आहे. मग 'राष्ट्र' लिहिताना त्याने तसे का केले नाही? येथे त्याच्या कानावर लोकांच्या तोंडचे 'रट्ठ' हे रूप पडले असावे, असा कयास करण्यास जागा आहे. तो बरोबर असेल, तर पुलकेशीच्या राज्यातील प्राकृत उच्चाराचा हा एक दुर्मिळ पुरावा ठरतो. पुलकेशीचे नावही त्याने 'पु-ला-के-शा' असे लिहिले आहे. आजचा 'पू-ल्वो-ची-शे' हा उच्चार पाहून राजाला ओळखणे कठीण. जुन्या उच्चाराने ते सहज जमते.

आणि शेवटी 'कोंकण'. द्रविड देशातून उत्तरेकडे येताना श्वेनत्सांग 'कोङ्कणपुर' नावाच्या देशाचे वर्णन करतो. राजधानीच्या उत्तरेस तालवृक्षांचे विस्तीर्ण वन असून त्यांची लांब, रुंद आणि तुकतुकीत पाने सर्व देशांत लेखनासाठी वापरली जातात, असे तो नमूद करतो. हे स्थान नेमके कोणते, याविषयी विद्वानांत एकमत नाही. व्हिव्हिएन द सँ-मार्तां यांनी बनवासी सुचविले, तर कनिंगहॅम यांनी १८७१ च्या ग्रंथात तुंगभद्रेकाठचे आनेगुंदी. ध्वनीच्या आधारे भूगोलाचा हा प्रश्न सुटणार नाही आणि तसा आग्रहही धरू नये. परंतु नावाच्या उच्चाराविषयी लेखन निःसंदिग्ध आहे. आज 'कुंग-च्येन-ना-पू-ल्वो' असे वाचले जाणारे ते लेखन त्या काळी सुमारे 'क्योङ्-क्यन्-ना-पू-ला' असे होते. पहिल्याच अक्षराच्या अखेरीस 'ङ्' आहे. म्हणजे नावातील अनुनासिक सातव्या शतकातील एका परदेशी यात्रिकाने टिपून ठेवला. आपण मात्र प्रमाण लेखनात 'कोकण' असे लिहितो आणि तो अनुनासिक सोडून देतो. शेजारच्या गोव्यातील भाषेने आपल्या 'कोंकणी' या नावातच तो जपला आहे. निग्गहीताच्या जागी विमुत्त, हा अट्ठकथेने सांगितलेला चौथा दोष! ज्या लिपीला आपण ध्वनिहीन म्हणतो तिने हा ध्वनी राखला आणि जिला पूर्ण उच्चारानुसारी म्हणतो तिच्या लेखननियमांनी तो गाळला. दोन्ही समजुतींचे खंडन करण्यास हे एकच उदाहरण पुरे आहे.

६. मर्यादा

याचा अर्थ चिनी लेखन सर्व ध्वनिभेद टिपते असा मुळीच नाही. क आणि ख, ट आणि त, अनुनासिक आणि निरनुनासिक हे भेद मध्यकालीन लेखन चांगले राखते. र आणि ल, ब आणि भ, ऱ्हस्व आणि दीर्घ हे भेद ते सहसा राखत नाही. म्हणजे सिथिल-धनिताच्या कसोटीवर घोष वर्णांपुरते ते कमी पडते. 'भन्ते' आणि 'बन्ते' यांतील अंतर त्याला दाखविता आले नसते. चिनी भिक्षूंना याची जाणीव होती. धारणी आणि मंत्र लिहिताना एका ध्वनीचा फरक त्यांना महत्त्वाचा वाटे. म्हणून आठव्या शतकात अमोघवज्राच्या (७०५-७७४) भाषांतरांत अक्षरांच्या बाजूला लहान टीपा दिलेल्या आढळतात: 'दोन मिळून एक' म्हणजे जोडाक्षर वाचा, 'लांबवा' म्हणजे दीर्घ म्हणा. लिपी आणि ध्वनी यांतील अंतर त्यांनी स्वतःच मोजले आणि जेथे उणे पडले तेथे भरूनही काढले.

दुसरी मर्यादा रूढीची आहे. प्रत्येक लिप्यंतर कानाने ऐकून झालेले नसते. संघभद्राच्या पाठात अपरान्तकात गेलेल्या थेराचे नाव 'धम्मरक्खित' असे अपेक्षित असता, तेथे जी अक्षरे आहेत ती एरवी 'धर्मगुप्त' या नावासाठी रूढ झालेली होती. त्यावरून हा थेर धर्मगुप्तक निकायाशी संबंधित असावा, असे अनुमान काही पाश्चात्त्य विद्वानांनी केले. अनुमान आकर्षक आहे. परंतु रक्खित आणि गुत्त यांचा अर्थ जवळपास एकच असल्यामुळे, लेखकाने परिचित जोडणी उचलली एवढेच घडलेले असू शकते. रूढ लेखनाला ध्वनीचा पुरावा मानणे ही उलट टोकाची चूक होईल.

फ्रेंच पंडित स्तानिस्लास झ्युलियाँ यांनी १८६१ मध्ये चिनी ग्रंथांतील संस्कृत नावे उलगडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. एखादे अक्षर ज्ञात नावांत कोठे कोठे येते हे पाहून त्याचे मूल्य ठरवावयाचे, अशी ती होती. त्यांच्या परिश्रमाचे मोल मोठे आहे. परंतु या पद्धतीने प्रत्येक नाव शुद्ध संस्कृतातच परत आणले. 'म-हा-लत्-ठा' हे लेखन 'महाराष्ट्र' म्हणून छापले गेले आणि त्यातील 'रट्ठ' मागे पडला. प्राकृताचा पुरावा संस्कृताच्या पेहरावात झाकला गेला. पालीच्या अभ्यासकाने तरी हा पेहराव दूर करून पाहावयास हवा.

७. आपल्या ग्रंथांतील लेखन

मराठी बौद्ध वाङ्मयात ही चिनी नावे कशी लिहिली जातात, हे पाहता खेद होतो. एकाच यात्रिकाची ह्युएन त्संग, युआन च्वांग, शुआन झांग अशी नावे आपल्याकडे आढळतात. पहिले झ्युलियाँ यांच्या फ्रेंच लेखनावरून आले, दुसरे वॉटर्स (१९०४-०५) यांच्या इंग्रजी लेखनावरून आणि तिसरे पिनयिनमधील रोमन अक्षरे इंग्रजीसारखी वाचून. वाचकाला वाटते, हे तीन निरनिराळे पुरुष आहेत. 'बीजिंग' हे रूढ रूप तसेच आहे. पिनयिनमधील 'बी' या रोमन अक्षराचा ध्वनी अल्पप्राण 'प' आहे आणि 'पी'चा महाप्राण 'फ'. नागरीत सिथिल-धनिताचा भेद लिहिण्याची उत्तम सोय असताना, तो भेद नसलेल्या इंग्रजी वाचनावरून आपण शब्द उचलतो. श्वेनत्सांगाच्या नावातील 'त्स' हा ध्वनी तर मराठीतील दंत्य 'च'च आहे. हिंदी भाषकाला जो ध्वनी शिकावा लागतो, तो आपल्या घरात रोज ऐकू येतो.

यासाठी तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. चिनी ग्रंथातील भारतीय नाव देताना प्रथम पाली किंवा प्राकृत रूप, मग मध्यकालीन चिनी उच्चार आणि शेवटी आजचा उच्चार असा क्रम ठेवावा. चिनी व्यक्तिनामे इंग्रजी वाचनावरून न घेता पेइचिंगच्या प्रत्यक्ष उच्चारावरून नागरीत आणावीत आणि एका ग्रंथात एकच रूप वापरावे. पालीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला निदान 'छ्ये-युन'च्या वर्णविभागांची ओळख करून द्यावी. साधनांची सबब आता सांगता येणार नाही. तैवानमधील सीबीईटीए या संस्थेने (स्थापना १९९८) संपूर्ण चिनी त्रिपिटक संगणकावर विनामूल्य उपलब्ध करून दिले आहे.

या विद्येची परंपरा आपल्याकडे नाही असेही नाही. गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापन केले. त्यांच्या शिष्यांपैकी बापटांनी १९३७ मध्ये 'विमुत्तिमग्ग' आणि 'विसुद्धिमग्ग' यांचा तौलनिक अभ्यास सिद्ध केला, तर १९५१ मध्ये अट्ठकवग्गाशी समांतर असलेल्या चिनी 'अर्थपद-सूत्रा'चे भाषांतर केले. वा. वि. गोखल्यांनी चिनी आणि तिबेटी साधनांवर काम केले. पुढील पिढ्यांत हा प्रवाह क्षीण झाला आणि चिनी आगम आपण इंग्रजीतूनच वाचू लागलो. त्यामुळे आपल्याच देशाची नावे परकी होऊन आपल्याकडे परत येतात.

बुद्धवचन आपापल्या निरुत्तीत शिकण्याची अनुज्ञा चुल्लवग्गात आहे. 'सका निरुत्ति' म्हणजे नेमकी कोणाची भाषा, याविषयी अट्ठकथाकार आणि आधुनिक विद्वान यांत मतभेद आहे. एवढे मात्र खरे की, धम्म अनेक भाषांत गेला आणि प्रत्येक भाषेने आपल्या लिपीच्या बळाप्रमाणे त्याचा ध्वनी राखला. कोणी र सोडला, कोणी भ सोडला, कोणी अनुस्वार सोडला. कोणत्या लिपीने किती टक्के राखले याचा हिशेब मांडून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्यापेक्षा, एकीने जे सोडले ते दुसरीने कोठे राखले आहे, याचा शोध घेणे हे अभ्यासकाचे खरे कार्य होय. कोंकणच्या नावातील हरवलेला अनुनासिक चिनी पोथीत सुखरूप आहे. तो तेथून वाचून काढणारे अभ्यासक या किनाऱ्यावरही तयार व्हावेत.